झाकणावरची तोफ

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तू म्हणशील, चार वर्षांनी मोठा आणि आशीर्वाद कसले देतोस. पण पत्राची सुरुवात कशाने तरी करावी लागते.

तुमचे फोन जमा करून घेतल्याचं कळल्यापासून मी पुन्हा शाई-पेनावर आलोय. हे दुकानातून लिहितोय. तूही मला चष्म्याच्या दुकानाच्याच पत्त्यावर लिही. घरी फक्त आईचं पत्र पाठवत जा, ते मोजे मोजल्याचं. आईची अजून ठाम समजूत आहे की तू सैन्याच्या कोठारात बसून मोजे आणि ब्लँकेटं मोजतेस. काल शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमचीला हिशेबाचं डोकं पहिल्यापासून." मी ताटात बघत जेवत राहिलो.

सोबत मासिकाचा ताजा अंक आहे. माझा दरवर्षीचा लेख आलाय, जगातल्या सर्वोत्तम रणगाड्यांच्या तुलनेचा. चिलखत, तोफ, वेग, पल्ला आणि वजन असे पाच रकाने, प्रत्येकाला मार्क. यंदा लेपर्ड पहिला. अब्राम्सच्या तोफेत आणि चिलखतात खोट काढायला जागा नाही, पण त्याचं इंजिन तेल पितं ते पितच राहतं, म्हणून तो दुसरा. मग के-टू. मर्कावा जडशीळ, म्हणून चौथा. टी-९० बुटका आणि हलका, लपायला बरा, तो पाचवा. आता महिनाभर वाचक मला शिव्या घालतील, आणि मासिकवाल्याला तेच हवं असतं.

तू चालवतेस तो रणगाडा पहिल्या दहात नाही. अकरावा म्हणून त्याचं नाव लिहिलं होतं, पण मार्क द्यायला बसलो आणि हात चालेना. खोडून टाकलं.

खरं सांग, तिकडे कसं आहे? मी गिऱ्हाईकाला "खालची ओळ वाचा" म्हणतो आणि माझं सगळं लक्ष रेडिओकडे. परवा एका आजोबांच्या उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवून दिली. ते बिचारे "छान दिसतंय" म्हणून गेलेसुद्धा.

मोजे जपून मोज.

तुझा भित्रा दादा

१९ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. चार वर्षांच्या मोठेपणाला एवढा पुरे.

अंक मिळाला आणि त्याचं जाहीर वाचन झालं. आमच्या गाड्यात आम्ही तिघंच. गोळे यंत्र भरतं, म्हणून चौथा माणूस लागत नाही. कमांडरांना आम्ही काका म्हणतो. ते पूर्वी बस डेपोत फोरमन होते, अजूनही गाडा सुटताना तिकीट तपासल्यासारखे आमच्याकडे बघतात. तोफेवर मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. आणि चालवायला मी. काँक्रीटचा मिक्सर चालवणारीला हे काय जड, असं मी भरतीच्या वेळी म्हटलं होतं ते आठवत असेल.

काकांनी विचारलं, "हा तुझा भाऊ कधी रणगाड्यात बसलाय का?" मी म्हटलं, "तो आकाशपाळण्यात बसला तरी त्याला उतरवायला माणूस लागतो." मास्तरांनी पेन्सिल काढून तुझ्या बेरजा तपासल्या. टी-९०ला दोन मार्क कमी दिलेत, बेरीज चुकलीय. त्यांच्या चष्म्याची काडी तारेने बांधलेली आहे आणि एका काचेला तडा आहे, तरी चूक सापडली. त्यांचा नंबर पत्राच्या मागे लिहिलाय, जमलं तर एक चष्मा करून पाठव.

आता एक विचारते. तुझ्या पाच रकान्यांत बाहेर पडायचा रकाना कुठे आहे?

मी बसते ती जागा तुला ठाऊक असेल, पण बसून बघितलेली नाहीस. अगदी पुढे, खाली, एकटीच, अर्धवट आडवी. डोक्यावर लोखंडी झाकण, तेच माझं दार. त्या झाकणाच्या वर तोफेची नळी. तोफ नाकासमोर सरळ असली की झाकण बोटभर उचलतं आणि नळीला अडतं. तोफ बाजूला असली तरच मी बाहेर. वरच्या दोघांची झाकणं वेगळी, त्यांना ही भानगड नाही.

म्हणून मास्तरांनी एक रीत पाडलीय. गाडा थांबला रे थांबला की ते तोफ हातभर डावीकडे घेतात आणि कानातल्या यंत्रातून म्हणतात, "दार मोकळं." मी म्हणते, "पाहिलं." ते बोलेपर्यंत मी श्वास धरून ठेवते. हे त्यांना माहीत नाही.

दुसरं. परदेशातून जड रणगाडे येतायत. नाव लिहायला बंदी आहे, पण तुझ्या पहिल्या दोनातला आहे एवढं समज. त्यासाठी काही चालक शिकायला मागे पाठवणार, लांब, जिथे गोळे पडत नाहीत. मला विचारलंय. गेले तर या दोघांना सोडून जावं लागेल. महिनाभरात सांगायचंय. तू सांगशील तसं करीन, सगळे गाडे तुला तोंडपाठ आहेत.

भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद केलं आणि घरी जाऊन काचेच्या कपाटातून तुझ्या गाड्याचं मॉडेल काढलं. ते मीच जोडलंय, आणि जोडताना सगळी झाकणं गोंदाने चिकटवून टाकलीयत. आम्ही मॉडेलवाले सगळे तेच करतो, धूळ जात नाही. पात्याने चालकाचं झाकण सोडवलं, वर उचललं, तर टक्कन तोफेला लागलं. पुन्हा उचललं, पुन्हा लागलं. मी किती वर्षं रणगाड्यांवर लिहितोय, आणि कपाटातल्या प्रत्येकाची तोफ नाकासमोर सरळ ठेवलीय. का, तर रुबाबदार दिसते.

मी सगळ्या तोफा बाजूला वळवून ठेवल्या. संध्याकाळी आईने पुसताना पुन्हा सरळ केल्या. म्हणते, वाकड्या दिसतात.

आता उत्तर. मी तुलना पुन्हा केलीय, या वेळी एकच रकाना. मर्कावाचं इंजिन पुढे असतं आणि मागे चक्क दार असतं, चालकही मागून चालत बाहेर येऊ शकतो. ज्याला मी चौथा ठेवला तो इथे पहिला. अब्राम्समध्ये गोळे मागच्या खणात, मध्ये जाड दार, आग लागलीच तर भडका वर छतातून निघून जातो, माणसांकडे येत नाही. लेपर्डमध्येही मागे तसा खण आहे, पण बरेच गोळे चालकाच्या शेजारीच. आणि तुमच्यात, भिंगरे, गोळे दोघांच्या पायाखाली गोल मांडलेले. हे मी गेल्या वर्षी लेखात "जागेची बचत" म्हणून लिहिलं होतं.

तेव्हा तू जा. शिकायला जा. वाटलं तर मला भागूबाई म्हण, पण जा. मी देवाला नवस बोलणाऱ्यातला नाही, ते काम आई करते, आणि तीही मोज्यांसाठीच करते.

जाईपर्यंत एक कर. वीज गेली की तोफ फिरवणारी मोटर बंद पडते. तेव्हा तोफचीच्या जवळ हाताने फिरवायची एक मूठ असते. मास्तरांना ती ठाऊक असणारच, तरी माझ्यासाठी विचार. ती घट्ट तर झालेली नाही ना, तेल घालतात ना, अंधारात हात बरोबर तिथे जातो ना. त्यांना रोज एकदा फिरवून बघायला सांग. हसू नका.

मास्तरांच्या काचा घासायला घेतल्यात.

दादा

१५ मार्च

प्रिय दादा,

घाईत लिहितेय. मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर मिळतं, चिखल जरा जास्त आहे, बाकी ठीक.

मास्तर सुटीवर गेलेत. त्यांच्या जागी नवा तोफची आलाय. लग्न होऊन पंधरवडाही झाला नव्हता आणि इकडे पाठवलं, म्हणून सगळे त्याला नवरदेव म्हणतात. हुशार आहे. नेम चांगला आहे.

शिकायला जायचं मी नाही म्हणून कळवलं. रागावू नकोस. नव्या तोफचीबरोबर नवा चालक दिला तर काकांनी एकट्याने काय काय बघायचं?

आईचं पत्र वेगळं पाठवलंय. या महिन्यात मोज्यांबरोबर हातमोजेही आलेत असं तिला लिहिलंय.

भिंगरी

२८ मार्च

भिंगरे,

रागावू नको म्हणतेस, तर रागावतो. तू मला विचारलंस, मी सांगितलं, आणि तू स्वतःचंच खरं केलंस. लहानपणापासून हेच. मग विचारायचं तरी कशाला?

एवढं मात्र बरं वाटलं की मास्तरांना सुटी मिळाली. सुट्या देतायत म्हणजे तिकडे निवांत असणार. रेडिओवाले उगाच राईचा पर्वत करतात. तुझं पत्र आल्यापासून मी दोन घास जास्त जेवतोय, आईने ते बघितलं आणि खूश झाली.

मास्तरांचा चष्मा तयार आहे. फ्रेम मजबूत घेतलीय, काड्या कानामागे वळणाऱ्या, हादऱ्यांत पडायच्या नाहीत. त्यांच्या घरचा पत्ता माहीत नाही म्हणून तुझ्याकडेच पाठवतोय, परतले की दे. म्हणावं, बेरीज चुकल्याचा दंड भरला.

मुठीचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

दादा

१२ एप्रिल

दादा,

चष्मा मिळाला. डबी उघडून बघितली आणि मिटली. द्यायला कोणी नाही. मास्तर सुटीवर गेलेले नाहीत. पाण्याचे कॅन आणायला खाली उतरले होते, तेवढ्यात गोळा पडला. मी झाकणातून डोकं काढून त्यांच्याशीच बोलत होते. मला खरचटलंसुद्धा नाही.

तुला खोटं लिहिलं कारण तू दुकान बंद करून घरी बसशील आणि आईला कळेल. पण आता लपवून ठेवणं माझ्याच्याने होत नाही. मला फार भीती वाटते. इंजिन सुरू केलं की बरं असतं, हातपाय कामाला लागतात. थांबलं की भीती वाटते.

नवरदेव तोफ वळवत नाही. गाडा थांबला की ती तशीच माझ्या डोक्यावर. मी सांगितलं, विनवलं, एकदा पान्याने मागच्या पत्र्यावर ठोकलं. तो म्हणतो, "ताई, तोफ बाजूला असली आणि समोरून कोणी आलं, तर परत आणेपर्यंत आपण तिघंही जाऊ." त्याचंही खोटं नाही. त्याला समोरच्याची भीती, मला डोक्यावरच्याची. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला दोन्हींची वाटते."

तुझं मुठीबद्दलचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो हसत सुटला. म्हणाला, "भाऊंना सांग, हाताने फिरवायला घेतली तर तोफ उद्या जेवायच्या वेळेला वळेल." मग बायकोला लिहायचं म्हणून माझ्याकडे कागद मागितला. तो अक्षर काढतो ते बघितलंस तर तुला हसू येईल, एकेक ओळ डोंगर चढते. वाईट मुलगा नाही रे.

शिकायला जायची संधी पुन्हा येईल असं म्हणतात. आली तर जाईन. या वेळी तुझं ऐकेन.

भिंगरी

२४ एप्रिल

माझी शहाणी भिंगरी,

मास्तरांचं वाचलं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढं रडू येईल असं वाटलं नव्हतं. त्यांचा नंबर माझ्या वहीत आहे, तो मी खोडणार नाही.

इकडे एक झालंय, ते तुला सांगितलंच पाहिजे. काल घरी आलो तर आई कपाट पुसत होती आणि एकेक तोफ सरळ करत होती. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. माझा तोल गेला. मी ओरडलो, "तोफ सरळ केलीस तर ती बाहेर कशी येईल?"

आई म्हणाली, "कोण?"

माझा हात खिशातल्या तुझ्या पत्रावर गेला, ते तिने बघितलं. आईने फडकं खांद्यावर टाकलं, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "यातल्या कशात बसते ती?" मी दाखवलं. तिने तो गाडा मांडीवर घेतला. मी पात्याने सोडवलेलं ते झाकण नखाने उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. विचारलं, "एवढ्यातून?" मी म्हटलं, खऱ्याचं मोठं असतं. ती म्हणाली, "तरी."

मला एका शब्दाने बोलली नाही, हेच फार झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जेवताना एकदम म्हणाली, "आणि ते हातमोजे?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, तेव्हा पत्र घरीच पाठव. त्या नवरदेवाला माझा निरोप दे. म्हणावं, दुकानातला माणूस आहे, रणगाड्यातलं काही कळत नाही, नुसता हात जोडतो. मूठ कुठे आहे तेवढी डोळे मिटून शोधून बघ.

दादा

२० मे

भिंगरे,

तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. रेडिओवर तुमच्या बाजूच्या गावांची नावं येतायत. आई दिवसभर फाटकाशी असते. पोस्टमन आता आमच्या घरावरून जाताना सायकलचा वेग वाढवतो, त्याचीही काही चूक नाही.

मला मासिकवाल्याने नवा लेख मागितला. नाही म्हटलं.

एक ओळ पाठव. मोजे मोजतेय असं लिहिलंस तरी चालेल.

दादा

२ जून

प्रिय दादा आणि आई,

अक्षर वाकडं आहे कारण उजव्या मनगटाला पट्टी आहे. बाकी मी धड आहे. दोन्ही पाय, दोन्ही डोळे, तोंड तर आहेच. मागच्या बाजूच्या इस्पितळात आहे.

सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

एका उतारावर आम्ही थांबलो होतो, तोफ सरळ. कडेने काहीतरी लागलं. आवाज असा काही ऐकूच आला नाही, नुसता गाडा हलला आणि सगळं बंद पडलं. इंजिन बंद, दिवे बंद, कानातलं यंत्र बंद. मागून धूर यायला लागला. मी झाकण उचललं, ते बोटभर उचललं आणि टक्कन लागलं. पुन्हा उचललं. दादा, तू मॉडेलचा लिहिला होतास ना, तसाच आवाज येतो, फक्त मोठा. मनगट तिथेच गेलं. मी आईला हाका मारल्या हे मला आठवतंय, बाकी काय काय बोलले ते आठवत नाही.

वर काय चाललं होतं ते काकांनी नंतर सांगितलं. ते वरून बाहेर पडले होते. नवरदेवाचं झाकणही उघडं होतं, त्याच्या डोक्यावर आभाळ दिसत होतं. काका हात खाली घालून त्याला ओढत होते, "चल, निघ," म्हणून ओरडत होते. पायाखालच्या गोळ्यांपर्यंत आग पोचली की संपलं, हे त्याला आमच्या दोघांइतकंच माहीत होतं.

आणि मला मागून कर्र कर्र ऐकू यायला लागलं. थांबत होतं, पुन्हा येत होतं. आधी मला कळलंच नाही. मग फटीतून उजेडाची एक रेघ आली, केसाएवढी, आणि ती रुंद होत गेली. तो मूठ फिरवत होता. धुरात, डोळे मिटून. खरंच फार हळू वळते रे ती.

मग तो ओरडला, "दार मोकळं." मास्तरांची रीत मी त्याला शंभरदा सांगितली होती, त्याने कधी म्हटलं नव्हतं. मी "पाहिलं" म्हणाले की नाही कोण जाणे. झाकण उघडलं आणि मी बाहेर पडले. काका आणि मी दोघांनी त्याला वरून ओढून काढलं. चिखलात कसेबसे पोचलो आणि मागे गाड्याचा वरचा सगळा भाग उडून पलीकडे पडला.

ती मूठ लोखंडाची, आणि गाडा तापलेला. त्याच्या दोन्ही हातांना कातडी राहिलेली नाही. धूरही बराच गेलाय आत. डॉक्टरांना विचारलं की "बघू" म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मी त्याच्याजवळ बसून त्याला चमच्याने भरवते. काल म्हणाला, "ताई, बायकोला पत्र लिही, पण हातांचं नको लिहूस. सुटीवर आहे म्हण." मी म्हटलं, ते आमच्याकडे करून झालंय, चालत नाही. तिचा पत्ता या पत्राच्या मागे लिहिलाय, मला अजून तिला लिहवलं नाही.

मास्तरांचा चष्मा माझ्या खिशात होता. एक काच फुटली, काड्या शाबूत आहेत.

आई, मोज्यांचं मनात ठेवू नकोस.

भिंगरी

१४ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, म्हणून दादा म्हणत होता मी लिहितो. मी म्हटलं, तुम्ही दोघांनी लिहिलंत तेवढं बास झालं.

मोज्यांचं मनात ठेवणार आहे. घरी ये, मग बघते तुझ्याकडे. मी चार बायकांना सांगून बसले होते. पण आधी घरी ये.

त्या मुलाच्या हातांना काय लावतात ते कळव. त्याच्या बायकोला मी पत्र लिहिलंय, खरं खरं. ती निघाली असेल. ती येईपर्यंत तू त्याच्याजवळून उठू नकोस. त्याला म्हणावं, आमच्याकडे एक आई आहे, तिला तुझ्याविषयी सगळं ठाऊक आहे.

दादाने फुटलेल्या काचेच्या जागी दुसरी घासायला घेतलीय. कोणासाठी म्हणून विचारलं तर काच उजेडाला धरून बघतो. जेवतो बरा.

कपाट मी रोज पुसते. पुसून झालं की सगळ्या तोफा एकेक करून बाजूला वळवते. काल दादा म्हणाला, "आई, आता पुरे, ती आली ना बाहेर."

मी म्हटलं, बाकीच्यांत कोणाची तरी पोरं बसलेली असतील.

तुझी आई